वालूरची बारव आणि आपलं वुजूचं पाणी

२०१६ चा उन्हाळा परभणीकर विसरलेले नाहीत. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती.

याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला जुनी गोल दगडी बारव आहे. तिच्या पायऱ्या अशा वळत उतरतात की वरून पाहिलं तर भोवराच वाटावा. घरोघरी नळ आले की बारवांचं जे होतं तेच तिचं झालं: गाळ, झुडपं, कचरा. अखेर गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली.

हे केवळ जुन्या वास्तूचं कौतुक नव्हे. आपली काळी माती पावसात फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरून वाहून जातं. खाली काळा कातळ. पाणी साठतं ते त्याच्या फटींत. बारवेत गाळ भरला की या झऱ्यांची तोंडंच बुजतात. अर्थात भोवताली बोअर वाढत राहिले, तर उपसलेली बारवही कोरडीच राहील. नुसती सफाई पुरत नाही, पाणी मुरवावंही लागतं.

इथे आपल्या मोहल्ल्याकडे पाहू या. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूत पाणी वाया घालवू नका, ही रसूलुल्लाह (स.) यांची ताकीद आपण मुलांना शिकवतो. पण आपल्या कितीतरी मशिदींत वुजूचं पाणी थेट गटारात जातं. त्यात साबण नसतो. एक पाइप आणि एक शोषखड्डा, किंवा अंगणातली चार लिंबाची झाडं, एवढंच लागतं. येत्या जुम्याला कमिटीपुढे विषय काढू या का?