नीतीचा उगम : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनुष्याला नीती कोणी शिकविली, असा प्रश्न निघाला की कोणी धर्माकडे बोट दाखवितो तर कोणी राजदंडाकडे. आणि या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती ही की आदिमानव स्वभावतः पशुतुल्य होता व त्याला माणसांत आणण्याचे कार्य पुढे एखाद्या वरिष्ठ सत्तेने केले. उत्खनकांनी व मानवशास्त्रज्ञांनी जमविलेल्या पुराव्यापुढे ही समजूत टिकत नाही.

गैरसमज : नीती कायद्यातून आणि धर्माज्ञेतून जन्मली.

वस्तुस्थिती : बाबिलोनच्या हम्मुराबीची कायदेसंहिता इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराची, आणि सुमेरमधील उर-नम्मूची तिच्याहून सुमारे तीन शतके जुनी, उलट मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडलेले आपल्या मानवजातीचे अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. या दीर्घ कालावधीत लेखी कायद्याचा वाटा शेकडा दोनही भरत नाही, आणि लेखी धर्मग्रंथांचाही हिशेब याहून वेगळा नाही. हम्मुराबीच्या कलमांत कोणत्या गुन्ह्याला कोणती सजा हे तपशिलाने नमूद आहे; पण चोरी गैर का, हे सांगत बसण्याची त्यांना गरज भासलेली नाही, कारण ते ज्ञान प्रजेच्या ठायी आधीपासून होते. कायद्याने नीती निर्माण केली नाही. रूढ वहिवाटीला त्याने दप्तरात जागा दिली आणि तिच्यामागे दंडशक्ती उभी केली.

गैरसमज : आदिम समाजात बळी तो कान पिळी, हाच न्याय होता.

वस्तुस्थिती : इराकमधील शानिदार गुहेत १९५७ साली राल्फ सोलेकी यांना निअँडरथल मानवाचा जो सांगाडा मिळाला, त्याच्या डाव्या डोळ्याभोवतीचे हाड जबर आघाताने चेपलेले, उजवा हात लुळा पडून कोपराखाली नाहीसा झालेला आणि पाय अधू होता, तरीही या जखमा भरून आल्यावर तो अनेक वर्षे जगला व चाळिशीच्या घरात पोहोचला, आणि ज्या काळी रोजचे अन्न रोज मिळवावे लागे त्या काळी हे सोबत्यांच्या आधारावाचून घडणे कठीण होते.

कालाहारी वाळवंटातील कुंग लोकांत १९६३ पासून राहून अभ्यास केलेल्या रिचर्ड ली यांनी त्यांच्यातील एक रीत नोंदविली आहे. मोठी शिकार साधलेला तरुण वस्तीवर परतला की बढाई न मारता गप्प बसतो, आणि मांस आणायला गेलेली मंडळी, हे कसले हाडांचे खोड, एवढ्यासाठी आम्हांला कशाला चालविलेस, असे म्हणून त्या शिकारीला नावे ठेवतात. कारण ज्याला आपल्या पराक्रमाचा ताठा चढेल, तो उद्या इतरांवर हुकूम गाजवू लागेल, हे त्यांना ठाऊक असते. मांस वाटण्याचा हक्कही शिकाऱ्याचा नव्हे, तर ज्याचा बाण वापरला त्याचा. आणि बाण नित्य उसने दिले-घेतले जात असल्यामुळे हा मान शिकारीला न गेलेल्या वृद्धालाही लाभतो. आजचे कुंग म्हणजे प्राचीन मानवाची जशीच्या तशी उरलेली प्रतिकृती नव्हे, हे खरे. तथापि राजा, कोतवाल वा कारागृह यांच्यावाचून समता व वाटणी यांचे कडक नियम चालू शकतात, एवढे त्यांच्या आचरणावरून निर्विवाद सिद्ध होते.

गैरसमज : उत्क्रांतीचा सिद्धांत स्वार्थालाच निसर्गनियम ठरवितो.

वस्तुस्थिती : ‘समर्थ तोच टिकतो’ या अर्थाचा शब्दप्रयोग डार्विनचा नसून १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सरने रूढ केलेला आहे. डार्विनने तो पुढे स्वीकारला असला, तरी १८७१ च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात त्याने सदसद्विवेकाचे मूळ कळपात राहणाऱ्या प्राण्यांच्या सामाजिक प्रवृत्तींत शोधले आणि परस्परांस साह्य करणारे गट इतरांवर सरशी मिळवितात, असे प्रतिपादन केले. ही साह्याची प्रवृत्ती लहान मुलांतही दिसते : मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली दाखवून दिले की परक्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू दीड वर्षाचे मूल, बक्षिसाची लालूच नसताना, आपण होऊन उचलून देते.

गैरसमज : मग आदिम काळ म्हणजे सत्ययुगच होते.

वस्तुस्थिती : तसेही नाही. सुदानमधील जेबेल सहाबा या सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतील साठाहून अधिक मृतांपैकी बहुसंख्यांच्या हाडांवर इजेच्या खुणा आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, मुले आहेत, आणि काही जखमा भरून आलेल्या असल्याने हे हल्ले वारंवार होत असावेत, असा निष्कर्ष निघतो. ज्या मानवकुळात अपंग सोबत्याला पोसले गेले, त्याच मानवकुळात परक्या टोळीवर शस्त्रेही चालविली गेली. दयाही खरी होती आणि वैरही खरे होते.

धर्म आणि कायदा यांचे खरे कार्य येथे दिसू लागते. नीतीचा उगम त्यांच्यात नाही. परंतु जे कर्तव्य पूर्वी रक्ताच्या व ओळखीच्या माणसांपुरते मर्यादित होते, ते अनोळखी वाटसरू, परदेशी व्यापारी आणि क्वचित शत्रूपर्यंतही पोहोचविण्याची शक्ती त्यांच्या उत्तम रूपांत होती, आणि याच धर्माच्या व कायद्याच्या नावाने जेथे माणसांना कुंपणाबाहेर लोटले गेले, तेथे ती शक्ती उलट दिशेने वापरली गेली. आपल्या माणसाविषयीची माया आपल्याला उपजत लाभली आहे; परक्याला आपला मानणे मात्र प्रत्येक पिढीला जाणीवपूर्वक शिकावे लागते, आणि ते शिकविण्याची जबाबदारी आपल्याला कोणत्याही वरिष्ठ सत्तेवर सोपवून मोकळे होता येणार नाही.