पेरलेलं उगवणारच...

मेलेला माणूस एक दिवस पुन्हा उठेल, तोही देहासह, ही ख्रिस्ती श्रद्धा. तंजावरच्या भातशेतीच्या मुलखात ती शतकानुशतकं नांदते आहे. तिच्या कहाणीत एका मराठी राजाचे अश्रू आहेत, सुनामीचा घाव आहे आणि दफनभूमीतली एक भिंतही आहे...

दोन नोव्हेंबर हा दिवस तमिळनाडूतल्या कॅथलिक गावांत ‘कल्लरै तिरुनाळ’ म्हणून पाळला जातो. शब्दशः अर्थ, कबरींचा सण! कबर आणि सण हे दोन शब्द शेजारी आले की आपण जरा दचकतो. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे तंजावर, कुंभकोणम्, नागपट्टणम् या पट्ट्यात, त्या दिवशी घरची माणसं दफनभूमीत जातात, कबरीवरचं गवत काढतात, चुना फासतात, झेंडू-शेवंतीच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. सोबत उदबत्तीही असते. धर्मगुरू प्रार्थना म्हणतात, कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आपल्या वसईतही हा दिवस भक्तिभावाने पाळला जातो. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण व्हावी, असाच हा दिवस.

वरवर पाहता दोन्हींत साम्य दिसतं. मुळातली कल्पना मात्र अगदी वेगळी आहे.

दगडाची खोली

तमिळमध्ये ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘अरै’ म्हणजे खोली. कल्लरै म्हणजे दगडाची खोली. येशूला क्रुसावरून उतरवून ठेवलं ते खडकात कोरलेल्या अशाच एका कबरीत आणि तिसऱ्या दिवशी ती रिकामी सापडली, असं शुभवर्तमानं सांगतात. ख्रिस्ती धर्माचा सारा डोलारा या एका रिकाम्या खोलीवर उभा आहे. येशू उठला, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणारेही उठतील, ही त्यांची आशा.

या आशेचे टप्पे साधारण असे. माणसाचा जन्म एकदाच. मरणानंतर आत्मा देवाकडे जातो, देह मातीत विसावतो. जगाच्या अखेरीला ख्रिस्त पुन्हा येईल, मृत उठतील, प्रत्येकाचा न्याय होईल. तेव्हा आत्मा आणि देह पुन्हा एक होतील, पण तो देह आजच्यासारखा रोगाने झिजणारा नसेल.

आपल्या ओळखीच्या विचारापेक्षा हे किती निराळं आहे बघा. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह बदलतो, हा विचार आपल्याकडे घरोघरी रुजलेला. तिथे देह टाकून द्यायची गोष्ट. ख्रिस्ती श्रद्धेत देह ही देवाची निर्मिती, ती टाकून द्यायची नाही, तिचाही उद्धार व्हायचा आहे. परंपरेने दफनच का, याचं उत्तर इथे आहे. कबर म्हणजे जणू झोपण्याची जागा. ‘सिमेटरी’ हा शब्दही निजण्याची जागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला.

अर्थात सगळे ख्रिस्ती सगळं सारखं मानत नाहीत. मृत्यूनंतर काही आत्म्यांना शुद्ध होण्याच्या अवस्थेतून, ‘पर्गेटरी’तून, जावं लागतं आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो, असं कॅथलिक मानतात. म्हणून दोन नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा होते. लुथरन आणि इतर प्रॉटेस्टंटांना पर्गेटरी मान्य नाही. ते मृतांचं स्मरण करतात, देवाचे आभार मानतात, पण त्यांच्या मते मेलेल्याचा हिशेब देवाच्या हाती गेलेला असतो. पुनरुत्थानाबद्दल मात्र दोघांचं एकमत.

भाताच्या मुलखातला दृष्टांत

संत पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात या विषयावर एक मोठा अध्याय आहे. मेलेले कसे उठणार, कोणत्या देहाने येणार, असं विचारणाऱ्यांना त्याने पेरणीचा दृष्टांत दिला. दाणा मातीत जातो, दाणा म्हणून संपतो आणि त्यातूनच वेगळ्या रूपाचं रोप वर येतं. पेरला तो दाणा आणि उगवलं ते रोप दिसायला एक नाही, पण परकंही नाही.

हा दृष्टांत कावेरीकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मेट्टूर धरणात पुरेसं पाणी असेल तर १२ जूनला ते सोडायचं, ही इथली जुनी प्रथा. मग कुरुवै भाताची लगबग, त्यामागून सांबा आणि ताळडी. चिखलात टाकलेलं बियाणं काही दिवसांत हिरवंगार होतं, हे इथल्या पोरासोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कोकणातल्या आपल्या तरव्यासारखंच! मातीत गेलेलं संपत नाही, हे सांगायला याहून सोपी भाषा कुठली?

शब्दांची अडचण

तरीही ही कल्पना तमिळमध्ये मांडणं सोपं नव्हतं. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झीगनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूटशाउ हे दोन तरुण जर्मन मिशनरी तरंगमबाडीला उतरले. डेन्मार्कच्या राजाने त्यांना पाठवलं होतं आणि तरंगमबाडी ही डॅनिश वखार होती. भोवतालचा मुलूख होता तंजावरच्या भोसल्यांचा. झीगनबाल्ग तमिळ शिकला, त्याने छापखाना उभारला आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला.

पण ‘आत्मा’ हा शब्द लिहिला की वाचणाऱ्याच्या मनात पुनर्जन्म येणार, त्याचं काय? जुनेच शब्द घेऊन त्यांत नवा अर्थ भरायचा, एवढाच मार्ग होता. तमिळ प्रॉटेस्टंट बायबलात माणसाच्या अंतर्यामाला ‘आत्तुमा’ म्हणतात आणि पवित्र आत्म्यासाठी ‘आवि’ हा शब्द आहे. आवि म्हणजे वाफसुद्धा! मराठी बायबलाने वाटणी वेगळी केली. तिथे पहिल्याला ‘जीव’ आणि दुसऱ्याला ‘आत्मा’. पुनरुत्थानाला तमिळ कॅथलिक म्हणतात ‘उयिर्प्पु’. ‘उयिर्’ म्हणजे प्राण. त्यात ‘पुन्हा जन्म’ हा भाव नाही, प्राण भरून उठणं आहे.

झीगनबाल्गने स्थानिक तमिळ जाणकारांना पत्रं लिहून त्यांच्या श्रद्धांविषयी प्रश्न विचारले. आलेल्या उत्तरांपैकी ९९ पत्रं जर्मनीत छापली गेली. शिकवायला आलेल्या माणसाला आधी ऐकून घ्यावं लागलं. १७१९ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानेच उभारलेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याची कबर आहे.

मराठी राजाचं दुःख

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजीराजे आठवतात. सरस्वती महाल ग्रंथालय जोपासणारे, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेणारे. याच राजांचं नाव एका मिशनऱ्याच्या मृत्यूशी कायमचं जोडलं गेलं आहे.

ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ १७५० साली तरंगमबाडीला आला आणि पुढे तंजावरला स्थिरावला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक पुत्र सरफोजीची काळजी घेण्याची विनंती त्याला केली. गादीवर आलेल्या अमरसिंहाच्या काळात मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्‌झने त्याला मद्रासला नेण्याची व्यवस्था केली आणि त्याच्या शिक्षणाची सोय लावली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्‌झ वारला. सरफोजी तेव्हा वीस वर्षांचे. मिशनच्या नोंदी सांगतात, त्यांना अखेरचं दर्शन घेता यावं म्हणून दफन थांबवलं होतं. ते आले, रडले आणि शवपेटीवर जरीचं वस्त्र घातलं.

त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी जॉन फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मृत्युशय्येवरचा श्वार्ट्‌झ आणि त्याच्या भेटीला आलेला तरुण राजा, असं ते शिल्प आहे. बृहदीश्वर मंदिरापासून जवळच, शिवगंगा तळ्याकाठच्या श्वार्ट्‌झ चर्चमध्ये ते आजही पाहता येतं. कबरीवरच्या शिळेसाठी राजांनी स्वतः इंग्रजी कविता रचली. तिच्यात ते श्वार्ट्‌झला पिता म्हणतात.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, काशीयात्राही करून आले. श्वार्ट्‌झच्या पुनरुत्थानावर त्यांचा विश्वास होता की नाही, हा प्रश्नच गौण. परक्या धर्माच्या माणसाला त्याच्या श्रद्धेनुसार मानाने मातीत ठेवावं, एवढं त्यांना उमगलं होतं.

फुलं आणि पंगत

आता या कहाणीची दुसरी बाजू. शेवटच्या दिवशी सारे एकत्र उठणार, असं मानणारी मंडळी जिवंतपणी एकत्र बसत होती का?

तरंगमबाडीच्या चर्चमध्ये सुरुवातीपासून जातीनुसार वेगळं बसण्याची पद्धत होती. तंजावरच्या सैन्यातला राजानायक्कन हा परैयर जातीचा शिपाई छापील तमिळ शुभवर्तमान वाचून मिशनकडे आला. पुढे उपदेशक म्हणून त्याने तंजावरच्या खेड्यांत कित्येक वर्षं काम केलं. पण पाळकाची दीक्षा त्याला मिळाली नाही. त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वरच्या जातींचे ख्रिस्ती तयार होणार नाहीत, ही मिशनऱ्यांची धास्ती!

पुढे श्वार्ट्‌झचा शिष्य, तमिळ कवी वेदनायगम शास्त्री याने १८२०च्या दशकाअखेरीस नव्या मिशनऱ्यांविरुद्ध तक्रार मांडली. त्याचं म्हणणं, तुम्ही लग्नात आणि अंत्ययात्रेत फुलं बंद करता, चर्चमध्ये आमची तमिळ गाणी बंद करता आणि वेगवेगळ्या जातींना जबरदस्तीने एकत्र बसवता. गंमत पाहा, फुलांबद्दल आणि गाण्यांबद्दल काळाने शास्त्रींना बरोबर ठरवलं. आज त्यांची गीतं तमिळ चर्चमध्ये गायली जातात, कबरी फुलांनी झाकल्या जातात. पण जातीची वेगळी पंगतही त्यांनी त्याच यादीत टाकली होती. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरात अनेकांनी चर्च सोडलं, पण जात सोडली नाही.

सुनामीचा रविवार

२६ डिसेंबर २००४. नाताळनंतरचा रविवार. वेलांकण्णीला देशभरातून आलेले यात्रेकरू सकाळी किनाऱ्यावर होते. मुंबईकरांनाही चांगलं ठाऊक असलेलं हे तीर्थ. समुद्र आत शिरला आणि क्षणांत होत्याचं नव्हतं झालं. एकट्या नागपट्टणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली.

ओळख पटवायला वेळ नव्हता. यंत्रांनी खड्डे खणून कोण कुठल्या धर्माचा हे न पाहता अनेकांना एकत्र पुरावं लागलं. कुजू लागलेले मृतदेह उचलण्याचं काम मुख्यतः बाहेरगावांहून आणलेल्या दलित सफाई कामगारांनी केलं.

ज्यांचा देहच सापडला नाही, त्यांचं पुनरुत्थान कसं? हा प्रश्न ख्रिस्ती धर्माला नवा नाही. पाण्यात बुडालेले, आगीत जळालेले, श्वापदांनी खाल्लेले हुतात्मे पहिल्या शतकांतही होते. समुद्रही आपले मृत परत देईल, अशी कल्पना बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आहे. देवाला हाडांचा सांगाडा शाबूत लागत नाही, माणूस त्याच्या स्मरणात असतो, हे चर्चचं उत्तर. म्हणूनच १९६३ पासून कॅथलिक चर्चने दहनालाही परवानगी दिली आहे. दफनाला प्राधान्य आजही आहे आणि रक्षा विखरून न टाकता पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ च्या सूचनेत म्हटलं आहे.

भिंत कधी उठणार?

त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी, कावेरीकाठी तिरुचिरापल्ली शहर आहे. तिथल्या मेलपुदूर भागातल्या कॅथलिक दफनभूमीतली भिंत अनेक वर्षं गाजते आहे. एका बाजूला दलित ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला इतर. ती पाडावी म्हणून आंदोलनं झाली. तमिळनाडूत अशी वाटणी आणखीही ठिकाणी आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये तमिळनाडूच्या बिशपांना जातीय पूर्वग्रहांबद्दल खडसावलं. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलितविषयक धोरण जाहीर करताना जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचं मान्य केलं. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये कुंभकोणम् धर्मप्रांतातल्या कोट्टपाळयम् गावच्या दलित ख्रिस्तींची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली आणि न्यायालयाने नोटीस काढली. सण आणि अंत्यविधी यांत आपल्याला दूर ठेवलं जातं, हा त्यांचा आरोप.

आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडेही गावोगावी जातवार स्मशानं आहेतच. फरक इतकाच, की सारे एकाच मातीतून, एकाच वेळी उठतील, असं ज्यांनी मानलं, त्यांच्यासमोर ही भिंत प्रश्न बनून उभी राहते. भात पेरताना शेतकरी बियाण्याच्या दाण्यांमध्ये बांध घालत नाही. शेवटच्या दिवसाची वाट पाहायला देव मोकळा आहे. भिंतीच्या अलीकडे बाप पुरलेल्या मुलाला मात्र उत्तर याच जन्मी हवं आहे, कारण त्याच्या श्रद्धेनुसार दुसरा जन्मच नाही.