अभियंत्याची चार वर्षे

दमणगंगेच्या खोऱ्यात, सिल्वासा शहराच्या लगत, मसाट नावाचे गाव आहे. १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दादरा व नगर हवेलीच्या मुलखात कारखानदारी अशी नव्हतीच. होती ती थोडी परंपरागत हस्तकला. पुढे प्रथम पिपरियास सहकारी तत्त्वावरील औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि मागून सिल्वासा, मसाट व खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या. आज वस्त्रोद्योगात या प्रदेशाचे नाव निघते ते मुख्यतः पॉलिएस्टरच्या धाग्यामुळे. अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम कसा असावा, या प्रश्नाचा विचार विद्यापीठाच्या सभागृहात बसून पुष्कळदा झाला आहे. तो अशा एखाद्या धागा-यंत्रापाशी उभे राहून केला, तर प्रश्नाचे खरे स्वरूप अधिक लवकर ध्यानात येते.

टेक्स्चरायझिंग या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया दिसावयास साधी आहे. कृत्रिम धागा मुळात काचेच्या तारेसारखा सरळ व गुळगुळीत असतो. त्याचे कापड अंगाला चिकटते आणि त्याला ऊब नसते. म्हणून अर्धवट ताणलेला धागा एका रुळावरून सोडतात आणि पुढचा रूळ अधिक वेगाने फिरवून त्याला ओढ देतात. दोन्ही रुळांच्या मध्ये तो प्रथम तापकावरून, मग थंड पट्टीवरून आणि शेवटी वेगाने फिरणाऱ्या चकत्यांमधून जातो. या चकत्या घर्षणाने धाग्यास पीळ देतात. तो पीळ मागे सरकत तापकापर्यंत पोहोचतो, उष्णतेने धाग्याच्या अंगी मुरतो आणि थंड पट्टीवर पक्का होतो. चकत्या ओलांडताच पीळ उलगडतो खरा, पण मुरलेली नागमोड तशीच राहते. धागा फुगतो, लवचिक होतो, सुतासारखा मऊ वाटतो. हे सारे मिनिटाला कित्येक शे मीटर वेगाने चालते आणि एका यंत्रावर असे शेकडो धागे शेजारीशेजारी धावत असतात.

आता यांतील एका तापकाचे तापमान दोनचार अंशांनी ढळले असे समजावे. धाग्याकडे पाहून कोणालाही काही कळणार नाही. तो गुंडाळला जाईल, पेटीत भरला जाईल, सुरतेस वा भिवंडीस जाईल, तेथे विणला जाईल. आणि कापड रंगाच्या हौदातून बाहेर निघेल तेव्हा त्यावर आडवा पट्टा उमटलेला दिसेल. मग दोष कोणाचा? तापमान मोजणारे साधन बिघडले असेल. तापकावर तेलाची पुटे चढली असतील. एखादी चकती झिजली असेल. मूळ धाग्याच्या घडणीतच फरक असेल. किंवा विजेचा दाब खालीवर झाला असेल. यंत्र-अभियंता चकतीकडे पाहतो, विद्युत्-अभियंता जोडण्या तपासतो, वस्त्र-अभियंता मालाच्या नमुन्याकडे बोट दाखवितो. तिघेही आपापल्या परीने हुशार असतात. पण दोष असतो तो तिघांच्या शाखांना जोडणाऱ्या फटीत, आणि त्या फटीचा विषय कोणत्याही सत्रात कोणी शिकविलेला नसतो. दरम्यान पट्ट्याचे कापड परत येते, कारखानदार नुकसान सोसतो आणि पाळीवरचा कामगार बोलणी खातो.

हे कप्पे कोणी दुष्टपणाने पाडलेले नाहीत. प्रत्येक कप्प्यामागे त्या त्या काळाची एक गरज उभी आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १८५४ साली निघालेल्या वर्गात आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल व कालवे यांसाठी दुय्यम अधिकारी हवे होते, आणि तो वर्ग त्यासाठीच होता. साहजिकच मोजणी, आरेखन आणि बांधकाम हाच शिक्षणाचा गाभा ठरला. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, जी आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. तेव्हा गिरण्यांची धुरांडी वाढत होती. म्हणून तिने यंत्रे व विणकाम जाणणारी माणसे घडविली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला, त्याचीही सुरुवात कापडाच्या रसायनापासून आणि रासायनिक अभियांत्रिकीपासून झाली. गरज बदलली की नवी शाखा निघे. जुनी मात्र आपल्या जागी, आपल्या कुंपणासह, तशीच राही.

या कुंपणांतूनही मोठी माणसे निघाली, हे विसरता येत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्यास आले ते बी. ए. होऊन. १८८३ साली ते स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. जलाशय विशिष्ट पातळीपर्यंत भरला की ते आपोआप उघडत व पाणी उतरले की मिटत. आजच्या भाषेत ते नियंत्रणशास्त्र झाले. त्या काळच्या स्थापत्याच्या पाठ्यक्रमात त्याला स्वतंत्र जागा असण्याचे कारण नव्हते. परंतु विश्वेश्वरय्यांच्या उदाहरणावर अभ्यासक्रमाची भिस्त ठेवणे म्हणजे पोहता येणाऱ्याकडे पाहून नदीवर पूल बांधण्याचे रहित करणे होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वारे फिरले. नलिनीरंजन सरकार यांच्या समितीने १९४६ साली उच्च तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्थांची कल्पना मांडली, आणि तिच्यातून पुढे खरगपूर, मुंबई आदी ठिकाणच्या संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची संस्था १९५८ साली सुरू झाली, तीही युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएट साहाय्यावर. याच सुमारास, १९५५ साली, अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षकांच्या संघटनेने ग्रिंटर यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल प्रसिद्ध केला. शाखा कोणतीही असो, सहा शास्त्रे प्रत्येक अभियंत्यास यावीत असे त्यात म्हटले होते: घन पदार्थांचे यामिक, द्रव व वायूंचे यामिक, ऊष्मागतिकी, उष्णता व द्रव्य यांच्या वहनाचे नियम, विद्युत्-सिद्धान्त आणि पदार्थांचे गुणधर्म. मसाटच्या यंत्रावर धावणारा धागा या सहाही शास्त्रांना एका हाताच्या अंतरात भेटतो, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

विज्ञानाचा पाया घातला गेला, हे चांगलेच झाले. मात्र त्याची किंमत कर्मशाळेने मोजली. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणणे हे प्रथम वर्षाचे एक व्रत होऊन बसले. ते पाळावयाचे, तुकड्यावर शिक्का मारून घ्यावयाचा आणि मोकळे व्हावयाचे. तो काटकोन कशासाठी, किती बिनचूक हवा आणि अधिक बिनचूक केल्यास खर्च किती वाढेल, हे विचारण्याची पाळी येत नाही. अभियांत्रिकीचा आत्मा तर नेमका त्याच प्रश्नांत आहे.

महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान महाविद्यालयांस परवानगी दिली आणि तालुक्याच्या गावापर्यंत अभियांत्रिकी पोहोचली. ग्रामीण मुलांना कर्नाटकात न जाता घराजवळ शिकता आले, हा त्या निर्णयाचा मोठा लाभ. पण महाविद्यालये वाढली त्या वेगाने शिक्षक घडले नाहीत. शिवाय पाठ्यक्रम ठरे विद्यापीठात, प्रश्नपत्रिका निघे दुसरीकडे आणि उत्तरे तपासली जात तिसरीकडे. जो माणूस वर्गात उभा राहून शिकवितो त्याला काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार नाही आणि काय विचारावे हे ठरविण्याचाही नाही! अशा व्यवस्थेत आधीच्या वर्षांचे प्रश्न पाठ करणारा विद्यार्थी आळशी म्हणता येत नाही. तो व्यवस्था बरोबर ओळखतो, इतकेच. म्हणून आधुनिकीकरणाची पहिली पायरी स्वायत्तता ही होय. स्वायत्त महाविद्यालये आणि २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झालेली पुण्याची जुनी संस्था यांना आता आपला पाठ्यक्रम स्वतः आखता येतो. आखण्याचे कष्ट मात्र कायद्याने मिळत नाहीत.

हे आखणे म्हणजे काय, ते थोडे हिशेबाने पाहिले पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली आदर्श पाठ्यक्रम जाहीर केला, त्यात चार वर्षांचे मिळून १६० श्रेयांक ठेवले. पूर्वी कित्येक ठिकाणी हा भार दोनशेच्या वर होता. आठवड्यास एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत दोन तास उभे राहावे तेव्हा एक. या १६० पैकी २५ मूलभूत विज्ञानास, २४ सर्वसाधारण अभियांत्रिकी शास्त्रांस, ४८ स्वतःच्या शाखेच्या गाभ्यास, १८ शाखेतील ऐच्छिक विषयांस, १८ शाखेबाहेरील ऐच्छिक विषयांस, १२ मानव्यविद्या व व्यवस्थापनास आणि १५ प्रकल्प व उमेदवारीस दिले आहेत. आरंभी तीन आठवड्यांचा परिचयवर्गही सांगितला आहे.

या आकड्यांत सर्वांत महत्त्वाचा आकडा शाखेबाहेरील अठराचा आहे. मनात आणले तर यंत्र-शाखेचा विद्यार्थी त्यातून बहुवारिकांचे रसायन, संख्याशास्त्र आणि नियंत्रण शिकू शकेल. म्हणजे तापकाचा दोष शोधण्याइतकी सामग्री त्याच्यापाशी येईल. व्यवहारात काय होते? ज्या विषयाचा शिक्षक रिकामा असतो तो विषय ऐच्छिक म्हणून फळ्यावर लागतो. आणि अलीकडे शाखा कोणतीही असो, संगणकाच्या नोकरीकडे नेणारे विषयच भरतात. यंत्राला लावलेल्या संवेदकांची आकडेवारी वाचून दोष आधी ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आता आल्या आहेत, त्यांचे ज्ञान हवेच. पण आकड्यांतील चढ कोणत्या चकतीच्या झिजेमुळे आला, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती त्या प्रणालीचा इशारा पडून उपयोग थोडा.

२०१४ साली भारत वॉशिंग्टन करारनाम्याचा पूर्ण सदस्य झाला. त्यानुसार मानांकन मिळालेल्या पदवीस अन्य सदस्य देशांत समकक्ष मान मिळतो. त्यासाठी विचारावयाचा प्रश्न बदलावा लागला. पूर्वी ‘किती शिकविले’ असे विचारीत. आता ‘विद्यार्थ्यास काय करता येऊ लागले’ असे विचारावयाचे. कल्पना उत्तम आहे. तिची अंमलबजावणी मात्र पुष्कळ ठिकाणी कोष्टके भरण्यात अडकली. प्रत्येक प्रश्नापुढे साध्याचा क्रमांक लिहून होतो, सरासरी निघते, फाइल जाडजूड होते आणि प्रश्न मात्र गेल्या वर्षीचाच राहतो.

उमेदवारीचे काय? मसाटसारख्या ठिकाणी कारखाने तीन पाळ्यांत चालतात. धागा तुटला की कचरा होतो. म्हणून यंत्र उघडून दाखविण्यास कोणी राजी नसतो. दीड महिन्यासाठी आलेला विद्यार्थी पर्यवेक्षकास अडचण वाटतो आणि शेवटी एका खुर्चीवर बसून प्रमाणपत्राची वाट पाहतो. यावर उपाय आहे, आणि त्याला खर्च फारसा नाही. कारखान्याने दोषांची नोंदवही द्यावी, महाविद्यालयाने ती प्रकल्पाचा विषय म्हणून पहिल्याच वर्षी हाती घ्यावी, आणि तिन्ही शाखांचे विद्यार्थी एका गटात बसवावेत. यंत्र थांबवावे लागत नाही. कागदावरचे तापमान, पाळी, मालाचा गठ्ठा आणि परत आलेले कापड यांची सांगड घालता घालता संख्याशास्त्रही शिकून होते. यात अडते ते एकाच ठिकाणी: अशा गटाला गुण तीन विभागांपैकी कोणी द्यावयाचे, याचे उत्तर कोणत्याच नियमावलीत सहजी सापडत नाही.

भाषेचा प्रश्न याच अंगणातला आहे. १८२० नंतरच्या दशकात मुंबईस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली एतद्देशीय तरुणांना मोजणी व अभियांत्रिकी शिकविण्याची संस्था चालत होती, आणि तिच्यासाठी गणिताचे ग्रंथ मराठीत उतरविले गेले होते. पुढे इंग्रजी आली आणि तो धागा तुटला. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून पदवी शिक्षणास परवानगी दिली, तेव्हा पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्यास प्रारंभ झाला. परिभाषा जड असते, नोकरी इंग्रजीत मिळते, हे आक्षेप खोटे नाहीत. पण मसाटच्या पाळीवर वारली, गुजराती, मराठी, हिंदी अशा बोली एकाच वेळी चालतात. ‘आज तेराव्या नंबरचा धागा हाताला खरखरीत लागतो’ असे यंत्राजवळचा माणूस आपल्या बोलीत सांगतो, तेव्हा ती दोषाची पहिली खबर असते. प्रयोगशाळेचा अहवाल तिच्यामागून केव्हा तरी येतो. इंग्रजीतून परीक्षा दिलेल्या नव्या अभियंत्याला ती खबर तापमानाच्या आकड्याशी जोडता यावी, एवढ्यासाठी मानव्यविद्येच्या बारा श्रेयांकांतले दोन जरी खर्ची पडले, तरी एखादा गठ्ठा परत येण्याचे टळेल.