वाऱ्याने थांबवलेली गाडी

1866 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय आणि स्केनेक्टडी यांच्यामध्ये दोन मालगाड्या समोरासमोर आदळल्या. उजेड होता, रूळ सरळ होता, दोन्ही ड्रायव्हरांना समोरची गाडी दिसत होती. पण दिसून उपयोग काय? तेव्हा ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, मग टपावरच्या ब्रेकमनांनी एका वाघिणीवरून दुसरीवर धावत जाऊन हातचाकं आवळायची. हिवाळ्यात टपावर बर्फ असे. घसरून किती ब्रेकमन गेले, याची कुणाला फारशी फिकीर नव्हती.

या अपघाताने खोळंबलेल्या प्रवाशांत जॉर्ज वेस्टिंगहाउस हा विशीतला तरुण होता. वडिलांचा शेतीच्या अवजारांचा कारखाना. त्यामुळे लोखंड, वाफ, पट्टे हे त्याचं बालपणच. सगळे ब्रेक ड्रायव्हरच्या हाती द्यायचे हे त्याने ठरवलं, पण कसे? साखळीने जमेना, वाफ लांबच्या डब्यापर्यंत जाता जाता थंड पडे. मग एका मासिकात आल्प्समधल्या बोगद्याचा लेख त्याच्या वाचनात आला: तिथे कातळ फोडायला दाबलेली हवा वापरत होते. 1869 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एअर ब्रेकचं पेटंट घेतलं.

पहिल्या ब्रेकमध्ये एक खोट होती. इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागे. म्हणजे नळी फुटली, डबा सुटला की ब्रेकच गेला. 1872 मध्ये त्याने हे सगळं उलटं केलं, आणि माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व इथे आहे. प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी. मुख्य नळीत दाब आहे तोवर ब्रेक मोकळा. दाब उतरला की तिहेरी झडप टाकीतली हवा ब्रेककडे सोडते. आता नळी तुटली तर गाडी आपोआप थांबणार. आपल्याकडे बरीच वर्षं व्हॅक्यूम ब्रेक होते, पण आजच्या एअर ब्रेकच्या डब्यात कुणी साखळी ओढली की नळीतली हवाच सुटते, तत्त्व तेच.

तरी लांब मालगाड्यांनी दमवलंच. आयोवात बर्लिंग्टनजवळच्या चाचण्यांत पन्नास वाघिणींच्या गाडीत पुढचे ब्रेक आधी लागत आणि मागच्या वाघिणी येऊन दणकत. झडप पुन्हा नव्याने घडवली, आणि 1893 मध्ये अमेरिकेने ड्रायव्हरच्या हातातले ब्रेक सक्तीचे करणारा कायदाच केला.

जीव वाचवणारा म्हणून नाव झालेल्या या माणसावर पुढे माणसं मारणारी वीज विकत असल्याचा ठपका आला. 1886 पासून तो एसी विजेच्या मागे होता: ट्रान्सफॉर्मरने दाब चढवायचा, बारीक तारेतून लांब न्यायचं, घरापाशी उतरवायचं. एडिसनच्या डीसीला मैलभरापलीकडे पोचणं महाग पडे. म्हणून एसी किती घातक, हे दाखवण्यासाठी जनावरांना शॉक देण्याचे जाहीर प्रयोग झाले. 1890 मध्ये विजेच्या खुर्चीतला पहिला मृत्युदंड दिला गेला, तोही वेस्टिंगहाउसच्या जनित्रावर. जनित्र त्याच्या मर्जीविरुद्ध मिळवलेलं होतं.

त्याने टेस्ला या संशोधकाची एसी मोटरची पेटंटं घेतली होती. 1893 च्या शिकागो प्रदर्शनाच्या दिव्यांचं कंत्राट जनरल इलेक्ट्रिकपेक्षा पुष्कळ स्वस्तात घेतलं, पण एडिसनच्या दिव्याचं पेटंट आडवं आलं. मग बाटलीला बूच लावावं तसा दोन तुकड्यांचा दिवा केला. त्यात हवा शिरे, तो लवकर जळे, सतत बदलावा लागे. पण कोर्टात अडकत नव्हता. प्रदर्शन उजळलं. 1896 मध्ये नायगाऱ्याची वीज एसीनेच बफेलोला पोचली. (मुंबईची लोकल मात्र 1925 मध्ये डीसीवरच धावू लागली आणि एसीवर यायला तिला एकविसावं शतक उजाडलं.)

1907 च्या आर्थिक धक्क्यात वेस्टिंगहाउसची विजेची कंपनी सावकारांच्या ताब्यात गेली. 1911 पर्यंत तिथला त्याचा संबंध संपला. एसीच्या कामाबद्दल त्याला पदक मिळालं, तेही एडिसनच्या नावाचं. 1914 मध्ये तो गेला. त्याच्या ब्रेकच्या कंपनीला मात्र 1907 च्या धक्क्यात काही झालं नव्हतं.