अठराव्या वर्षी यादीतून नाव का गळावे?

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातले दिव्यांग मूल सरकारला ठाऊक नसते, असे नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे नाव असते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक त्याला तपासते, शाळेत गेले तर समावेशित शिक्षणाच्या यादीत ते चढते. सिकलसेलग्रस्त असेल तर रक्ततपासणीचा निकालही आरोग्य केंद्रात असतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की या याद्या संपतात आणि आपला मुलगा किंवा मुलगी दिव्यांग आहे, हे आईबापांनी पहिल्यापासून सिद्ध करायचे असते. ही जबाबदारी उलटी फिरली पाहिजे. ज्या यंत्रणेने मुलाची नोंद ठेवली, तिनेच अठरावे सरण्याआधी प्रौढपणीचे हक्क त्याच्या गावात पोचवावेत.

हक्कांची कायद्यात उणीव नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे आणि या भागाला ग्रासणारा सिकलसेल आजारही त्यात येतो. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेतून ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2,500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. एसटीच्या भाड्यात सवलत आहे, ग्रामपंचायतीने स्वनिधीतला 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. या साऱ्याची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र, आणि गाडे अडते ते तिथेच.

सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. चालता न येणाऱ्या तरुणाला जिल्हा रुग्णालयात न्यायचे तर सोबत दोन माणसे, त्यांची बुडालेली मजुरी आणि प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय बोर्ड बसण्याचा दिवस, सगळे जुळावे लागते. सेरेब्रल पाल्सीने आखडलेली बोटे आधारच्या यंत्रावर सपाट टेकत नाहीत. ठसा उमटला नाही की बँक खात्याचे काम पुढे ढकलले जाते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईला मराठीतला अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. 2024 च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. दोन वर्षे निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि धावपळ पुन्हा अर्जदारालाच करावी लागते. शिवाय बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती सज्ञान झाली की आईवडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. हे सांगणारे गावात कोणी नसते.

यावर पहिला आक्षेप येतो बोगस प्रमाणपत्रांचा. तो खोटा नाही. पडताळणी कडक हवीच. पण लबाडाला 200 किलोमीटरचे अंतर अडवत नाही, त्याच्याकडे गाडी असते आणि ओळखही असते. अंतर अडवते ते खऱ्या गरजूला. लहानपणापासूनच्या नोंदी प्रौढपणीच्या फाइलला जोडल्या, तर पडताळणी उलट सोपी होईल. दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या तुटवड्याचा. मनोविकारतज्ज्ञ रोज प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही, हे खरे. मात्र चंद्रपूरला आणि आता गडचिरोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी यादी तयार करून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तालुक्यात बोर्ड बसवणे अशक्य नाही. तिसरा आक्षेप असा, की पैशाने माणूस परावलंबी होतो. त्याला उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात कुष्ठमुक्त आणि दिव्यांग माणसे कित्येक दशके कामधंदा करत आली आहेत. आधार मिळाला म्हणून ती काम करू शकली.

व्यवस्था बदलेपर्यंत पालकांनी अठरावे लागण्याची वाट न पाहता कागद जमवावेत. सिकलसेलमध्ये हे अधिकच महत्त्वाचे आहे. वेदनेचा झटका बोर्डापुढे दिसत नाही, त्यामुळे रुग्णालयात भरती झाल्याचे आणि रक्त चढवल्याचे प्रत्येक कार्ड जपून ठेवावे. मात्र सगळा भार पुन्हा त्यांच्यावरच टाकणे न्याय्य नाही. मेंढा-लेखा या गावाने वनहक्क मिळवून ग्रामसभेची ताकद देशाला दाखवली, ती गडचिरोली जिल्ह्यातच. तीच ताकद इथेही वापरता येईल. येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: आपल्या गावातल्या सोळा वर्षांवरील दिव्यांगांची यादी कुठे आहे, आणि 5 टक्के निधी कशावर खर्च झाला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे पाठवा.