पिच्छतारा

लक्ष्मी रस्त्यावर सराफाकडे पोवळें दिसतें तें तांबडा खडा म्हणून. लक्षद्वीपच्या उथळ समुद्रांत मात्र त्याच्या दूरच्या गोत्यांनीं रचलेले खडकच्या खडक असून, त्यांवर पिच्छतारा बसलेला आढळतो. पाहणारास तो नेच्याचें झुडूपच वाटावा! परंतु तो तारामाशाचा भाऊबंद होय. भुजा मुळांत पांच. त्यांना फांटे फुटून कांहीं जातींत त्या शंभरावर जातात. तारामासा तोंड खडकाला टेकून चालतो. हा तें वर करून बसतो. प्रवाहांतले सूक्ष्म कण भुजांनीं टिपावयाचे व पन्हळीवाटे तोंडाकडे धाडावयाचे, हा त्याचा दिनक्रम; रात्रक्रमच म्हणावा, कारण पुष्कळ जाति दिवसां कपारींत दडतात.

बाल्यावस्थेंत तो देठावर उभा असतो. जॉन वॉन टॉम्सन यानें १८२७ सालीं आयर्लंडांत असा सदेठ जीव वर्णिला. तो निराळा प्राणी नसून पिच्छताऱ्याचें पिलूं होय, हें त्यानेंच १८३६ सालीं दाखविलें.

१९९८ सालीं समुद्र तापून लक्षद्वीपचीं बरींच प्रवाळें पांढरीं पडून मेलीं. पिच्छतारा प्रवाळ खात नाहीं; त्याला हवी उंच बैठक व दडावयास कपार. मेलेला सांगाडाहि कांहीं काळ तीं पुरवितो. पुढें तो लाटांनीं ढासळला, म्हणजे दोन्ही जातात.