फुटका कोसा फेकू नका

ताईंनो, भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशमाला आपण कोसाच म्हणतो. पतंग बाहेर पडला की कोशाला भोक पडतं, मग सलग धागा निघत नाही. म्हणून तो कोसा वाया गेला असं समजू नका. रेशीम म्हणजे प्रथिन, ते फुटक्या कोशातही तसंच असतं. तंतूंना डिंकासारखं चिकटवणारं सेरिसीन हेही प्रथिनच. सोड्याच्या पाण्यात कोसे उकळले की ते सुटतं. मग कोसे स्वच्छ धुवायचे आणि ओलसर असतानाच तंतू ओढून धागा काढायचा. हाच घिचा: जाडसर, खरबरीत, पण शाली-जाकिटांना चांगला.

मात्र मांडीवर धागा वळू नका, कातडी सोलून जखमा होतात, चरखा वापरा. फुटके कोसे चांगल्यांत मिसळू नका. गटाच्या वहीत त्यांचं वजन वेगळं लिहा, म्हणजे त्यांचा पैसाही वेगळा दिसेल.